कात्री लावण्याआधी : दोन्ही अंडाशयांतल्या चॉकलेट सिस्टचं एक प्रकरण

जुलैत, भर पावसात, निफाड तालुक्यातल्या एका गावाहून आई-वडील मुलीला घेऊन माझ्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात आले. मुलगी २४ वर्षांची, अविवाहित, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम करणारी. फाईल भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती. सगळ्यांत वरच्या कागदावर एका डॉक्टरांनी लिहिलं होतं : डावी ओव्हरी काढावी, उजवीकडची गाठ काढावी, लवकर. खुर्चीत टेकायच्या आतच आईने विचारलं, "मॅडम, एक काढली तर दुसरीवर मूल राहतं ना? दोन ठिकाणी बोलणी चाललीत हिच्या लग्नाची."

हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अशा मुली आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्या फाईलमध्ये गाठीचं माप मिलिमीटरपर्यंत लिहिलेलं असतं, पण अंडाशयात बीजं किती शिल्लक आहेत याचा आकडा बहुतेक वेळा कुठेच नसतो. या मुलीच्या फाईलमध्येही नव्हता.

नऊ वर्षांचं दुखणं

पाळी तेराव्या वर्षी आली. पंधराव्या वर्षापासून दर महिन्याला पहिले दोन दिवस शाळा बुडायची. बारावीच्या बोर्डाच्या पेपरला मेफेनॅमिक ॲसिडच्या दोन गोळ्या घेऊन बसली आणि दीड तासात उठून बाहेर आली. घरी, शेजारी आणि एकदा दवाखान्यातही एकच उत्तर मिळालं : पाळीत दुखतंच, लग्न झालं की थांबतं. हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की पेन खाली ठेवून पुढचं सगळं नीट विचारते. शौचाला बसताना दुखतं का? पाळी नसतानाही ओटीपोटात ठणकतं का? दोन्हींना तिने मान हलवली, वडील शेजारी बसलेले म्हणून खाली बघत.

एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर रुजण्याचा आजार, पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत ४ ते १२ वर्षं जातात. हिची सहा वर्षं गेली. एकविसाव्या वर्षी पोट असह्य दुखलं तेव्हा सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ५ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि एका दवाखान्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डवर दोन ओळी होत्या : गाठ फोडून आतला द्राव काढला, आतली भिंत करंटने जाळली. नंतर कोणतंही औषध दिलेलं नव्हतं. आठ-नऊ महिने बरं वाटलं, मग दुखणं परत सुरू झालं. तीन वर्षांनी ती माझ्यासमोर बसली होती आणि आता दोन्ही बाजूंना गाठी होत्या.

नुसता द्राव काढला तर चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ, बहुधा परत भरते. भिंत जाळण्यापेक्षा ती सोलून काढली तर दुखणं आणि गाठ परत येण्याचं प्रमाण कमी राहतं, हे कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात आलेलं आहे. एश्रे या युरोपियन संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही शस्त्रक्रिया करायचीच असेल तर सोलण्याकडेच झुकतात. मात्र सोलण्यालाही किंमत असते, आणि ती किंमत या रुग्णाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची होती.

गाठीची भिंत म्हणजे काय

इथे थोडं थांबते, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजाळी अंडाशयावर रुजते आणि पाळीच्या चक्राबरोबर तिथेही रक्तस्राव होतो. रक्ताला बाहेर जायला वाट नसते. ते साठतं, जुनं होतं, घट्ट तपकिरी होतं. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२१ साली या 'चॉकलेट' गाठींचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

अंडाशयातल्या इतर साध्या गाठींना स्वतःचं वेगळं आवरण असतं. संत्र्याची साल निघावी तशी ती निघते. चॉकलेट सिस्टचं तसं नाही. बहुतेकदा अंडाशयाचा बाहेरचा थरच आत दुमडला जाऊन तिची भिंत बनते. न वापरलेली बीजं नेमकी याच बाहेरच्या थरात, अगदी पृष्ठभागालगत असतात. मुलगी जन्मते तेव्हा दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजं असतात, पाळी सुरू होताना ती ३-४ लाखांवर येतात, आणि नवीन एकही तयार होत नाही. त्यामुळे गाठीची भिंत ओढून काढताना तिच्या पाठीला चिकटून काही बीजंही निघून येतात. वर रक्त थांबवायला करंट वापरला तर उरलेलीही भाजतात. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली तर फटका आणखी मोठा बसतो. काही थोड्या जणींची पाळी कायमची बंद पडते, विशी-तिशीत.

गाठ तशीच सोडणंही निर्धोक नाही. आतल्या जुन्या रक्तातलं लोह शेजारच्या पेशीजाळीला त्रास देत राहतं, तिथे कडक व्रण बनतात आणि बीजं हळूहळू कमी होतात. म्हणजे काढलं तरी जातात, ठेवलं तरी जातात. कधी काढायचं, किती काढायचं आणि त्याआधी काय वाचवून ठेवायचं, हे ठरवण्यात सगळं कौशल्य आहे.

आकडे

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशय नीट दिसेनात, कारण दोन्ही गर्भाशयाच्या मागे सरकून एकमेकांना चिकटले होते. अविवाहित मुलीची योनीमार्गे तपासणी आपल्याकडे टाळतात, म्हणून गुदमार्गे सोनोग्राफी सुचवली. काय करणार ते आधी तिला एकटीला समजावून सांगितलं, मग आईला. उजवीकडे ६.२ सेंटिमीटरची आणि डावीकडे ४.४ सेंटिमीटरची गाठ. दोन्हींचं आतलं चित्र घासलेल्या काचेसारखं धूसर, चॉकलेट सिस्टमध्ये दिसतं तसं. मोजता येतील असे छोटे फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, उजवीकडे ४ आणि डावीकडे २.

एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा रक्तातला हॉर्मोन, आला १.७. या वयात साधारण ३ किंवा त्याहून जास्त अपेक्षित असतो. सीए-१२५ हा रक्ततपासणीतला आकडा ७८ होता (३५ पर्यंत सामान्य धरतात) आणि वडिलांनी मोबाईलवर पाहून तो कॅन्सरचा समजला होता. एंडोमेट्रिओसिसमध्ये तो वाढतोच, आणि सोनोग्राफीत कर्करोगाचा संशय यावा असं काही नव्हतं, हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. एमआरआयमध्ये गर्भाशयाच्या मागच्या अस्थिबंधावर डावीकडे दीड सेंटिमीटरची कडक गाठ दिसली. आतड्याच्या भिंतीत रोग शिरलेला नव्हता.

मी लगेच शस्त्रक्रिया केली नाही. डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम, रोज एक सुरू केली. पाळी थांबते, दुखणं उतरतं, विचार करायला वेळ मिळतो. एएमएच कमी आहे म्हणजे मूल होणार नाही असं नाही, हेही आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो आकडा साठा किती ते सांगतो, बीज कसं आहे ते सांगत नाही, आणि बीजाची प्रत मुख्यतः वयावर ठरते. चोविसाव्या वर्षीचं बीज चांगलं असतं.

ऑक्टोबरातलं बोलणं

तीन महिन्यांनी दुखणं निम्म्यावर आलं होतं, पण थांबलेलं नव्हतं. शौचाच्या वेळची कळ तशीच होती. उजवी गाठ ५.८ वर, डावी आहे तिथेच. औषधावर वर्षानुवर्षं राहण्याइतका आराम तिला मिळत नव्हता आणि महिन्यातून दोन-तीन सुट्ट्या पडत होत्या. शस्त्रक्रिया करणं योग्य होतं. तरीही मी सांगितलं, "आधी बीजं गोठवून ठेवू. मग हात लावू."

आईला हे पटेना. लग्नाआधी बीजं काढायची म्हणजे लोक काय म्हणतील, हा तिचा प्रश्न होता आणि तो मला खोटा वाटला नाही. वडील गप्प होते. त्यांची द्राक्षबाग आहे, त्या आठवड्यात गोडी छाटणी चालू होती आणि ते मजूर सोडून आले होते. बराच वेळाने म्हणाले, "मॅडम, छाटणीच्या आधी आम्ही काड्या तपासून आणतो. कोणत्या डोळ्यात घड आहे ते बघितल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्ही तेच सांगताय ना?"

मी इतकी वर्षं रुग्णांना तक्ते काढून जे समजावत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आईकडे वळून ते म्हणाले, "बागेला जेवढी काळजी घेतो तेवढी पोरीला नको का?" आई रडली, मग तयार झाली. निर्णय मात्र मुलीचा होता. मी दोघांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "मला मूल हवंच आहे की नाही हे मला आत्ता माहीत नाही. पण तो दरवाजा दुसऱ्या कुणी बंद करायला नको."

एक गोष्ट कुणी आधी बोललं नव्हतं, ती मीच काढली. बीजं योनीमार्गे सुईने काढतात, भूल देऊन. अंडाशय वर असतील तर पोटावरूनही काढता येतात, पण हिचे खोल मागे चिकटलेले होते. योनिपटलाला इजा होऊ शकते हे मी तिला स्पष्ट सांगितलं, संमतीपत्रावर लिहिलं आणि तिने हो म्हटल्यावर आईलाही सांगितलं. अशा वेळी आम्ही डॉक्टर मंडळी संकोचून हा मुद्दा गाळतो. मग नंतर कळतं आणि विश्वास जातो. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते कुणाला सांगायचं नाही, एवढंच." मी म्हटलं, "ताई, तिचा कागद तिच्याशिवाय कुणाच्या हातात जाणार नाही."

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत केंद्रातच होतं. २१ वर्षांवरील अविवाहित स्त्रीला ते करता येतं आणि बीजं १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. शहरातल्या अशा एका केंद्राकडे तिला पाठवलं. डायनोजेस्ट चालूच ठेवली, त्यामुळे बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून वेगळी इंजेक्शनं लागली नाहीत. या पद्धतीत त्याच चक्रात गर्भ रोवता येत नाही, पण इथे तो प्रश्नच नव्हता. अकरा दिवस इंजेक्शनं. ८ बीजं मिळाली, त्यांपैकी ६ पक्व. सुई गाठीतून जाऊ नये याची खास काळजी घेतली आणि प्रतिजैविकं दिली, कारण गाठीतल्या जुन्या रक्तात जंतू शिरले तर पू होतो. लगेच दुसरी फेरी घेतली, त्यात ५ पक्व बीजं मिळाली. एकूण ११ बीजं उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गेली. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. ११ बीजं म्हणजे मुलाची हमी नाही, हेही मी त्यांना कर्ज काढायच्या आधी सांगितलं होतं. बीज वितळताना, फलित होताना आणि गर्भ वाढताना प्रत्येक टप्प्यावर काही गळतात.

शस्त्रक्रिया

जानेवारीत केली. नाभीतून १० मिलिमीटरची दुर्बीण, खाली ५ मिलिमीटरची तीन छिद्रं. आत अपेक्षेप्रमाणेच चित्र होतं : दोन्ही अंडाशय गर्भाशयामागे एकमेकांना भिडलेले, गर्भाशय आणि गुदाशयामधली खोबण अर्धी बुजलेली, डावी मूत्रवाहिनी अंडाशयाखाली व्रणात ओढली गेलेली. एंडोमेट्रिओसिसचा चौथा, सगळ्यांत पुढचा टप्पा. पहिला तासभर गाठींना हातही लावला नाही. मूत्रवाहिन्या वरपासून शोधून मोकळ्या केल्या, मग अंडाशय बाजूंच्या भिंतींपासून सोडवले. सोडवताना उजवी गाठ फुटली आणि चॉकलेटी द्राव आला. तो शोषून सगळं धुऊन काढलं.

उजवं अंडाशय आधी कुणी हाताळलेलं नव्हतं. भिंत आणि अंडाशय यांच्या मधल्या थरात पातळ केलेलं व्हॅसोप्रेसिन सोडलं. त्याने थर सुटतो आणि रक्त कमी जातं. मग दोन चिमट्यांनी हळूहळू उलट दिशांना ओढत सोललं. अंडाशयाच्या देठाजवळ, जिथून रक्तवाहिन्या आत येतात, तिथे भिंत घट्ट बसलेली होती. तिथे ओढलं तर रक्त येतं, रक्त आलं की करंट वापरावा लागतो आणि करंटने अंडाशयाचा रक्तपुरवठाच जातो. तिथला रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा मी मुद्दाम सोडला आणि त्याचा पृष्ठभाग वरवर हाताळला. उरलेलं रक्त टाके घालून थांबवलं, आतल्या बाजूने, विरघळणाऱ्या धाग्याने. टाक्यांना वेळ लागतो. माझ्या मते तो वेळ द्यायलाच हवा.

डाव्या बाजूचा निर्णय टेबलावरच घ्यावा लागला. तीन वर्षांपूर्वी जिथे जाळलं होतं तिथे थरच उरला नव्हता. चिमट्याने ओढलं की भिंतीबरोबर पांढरट, निरोगी अंडाशयही येऊ लागलं. एकदा ओढलं, पाहिलं आणि थांबले. दुसऱ्यांदा त्याच अंडाशयावर शस्त्रक्रिया होते तेव्हा सोललेल्या भिंतीबरोबर जास्त बीजं जातात. गाठ रिकामी केली, भिंतीचा छोटा तुकडा तपासणीला घेतला, बाकी आहे तसं ठेवलं. डावीकडे गाठ पुन्हा येण्याची शक्यता मी जाणूनबुजून स्वीकारली. कुणाला हे अर्धवट काम वाटेल. मला त्या दिवशी तेच पूर्ण वाटलं, आणि आजही वाटतं. ओव्हरी काढण्याचा सल्ला घेऊन आलेल्या मुलीची ओव्हरी तिच्याजवळ राहिली.

अस्थिबंधावरची कडक गाठ पूर्ण काढली. शौचाच्या वेळची कळ तिच्यामुळे होती. शेवटी दोन्ही गर्भनलिका, त्यांची झालरीसारखी टोकं आणि अंडाशय यांना प्रत्येकी ० ते ४ गुण दिले, प्रत्येक बाजूचा सगळ्यांत कमी गुण धरून बेरीज केली : उजवीकडे ३, डावीकडे २, ८ पैकी ५. पुढे नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याचा अंदाज बांधायला हा आकडा लागतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या वेळीच नीट पाहून लिहिता येतो. हिच्या आधीच्या कार्डवर तो असता तर मला पुष्कळ मदत झाली असती. सगळं पावणेतीन तासांत आटोपलं. चित्रीकरणाची प्रत पेनड्राइव्हवर तिच्या हातात दिली.

पॅथॉलॉजिस्टना मी एक विनंती नेहमी करते : सोललेल्या भिंतीच्या पाठीला किती बीजं आली तेही लिहा. हिच्या उजव्या भिंतीबरोबर काही मोजकी बीजं आली होती. अहवालातली ती ओळ मी दरवेळी सगळ्यांत आधी वाचते.

नंतर

तिसऱ्या महिन्यात एएमएच ०.८ वर आला. घट होणार हे माहीत होतं, तरी तो कागद हातात घेताना मला बरं वाटलं नाही. तिला फोनवर न सांगता बोलावून सांगितलं. वर्षाने तो १.२ झाला. काही अंडाशय वर्षभरात असे थोडेफार सावरतात.

दुखणं गेलं. शौचाची कळ पहिल्याच महिन्यात थांबली. डायनोजेस्ट पुन्हा सुरू केली, कारण शस्त्रक्रियेनंतर औषध न देता सोडलेली गाठ परत येण्याचा इतिहास तिच्याच फाईलमध्ये होता. पाचव्या महिन्यात आई म्हणाली, "मॅडम, ती बोलतच नाही घरात." विचारल्यावर कळलं, मन सतत उदास राहतंय, झोप उडाली आहे. या गोळीने काहींच्या बाबतीत असं होतं आणि ते मी तिसऱ्या महिन्यातच विचारायला हवं होतं. गोळी बदलून एकत्रित हॉर्मोनची गोळी मधे खंड न पाडता दिली. तिला अर्धशिशी किंवा रक्तदाबाचा त्रास नव्हता, म्हणून ती देता आली. महिन्याभरात ती पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली.

लग्नाच्या दोन बोलण्यांपैकी एक तुटलं. तिने स्वतः मुलाला भेटून आजार, शस्त्रक्रिया आणि गोठवलेली बीजं, तिन्ही सांगितली होती. आईने लपवायला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. तिसरं स्थळ सिन्नरचं आलं. तो मुलगा तिच्याबरोबर माझ्याकडे आला आणि त्याने पाऊण तास प्रश्न विचारले, त्यातला एक असा : "हिला परत दुखायला लागलं तर घरी काय करायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला कागदावर लिहून दिलं.

आता शस्त्रक्रियेला अडीच वर्षं झाली आहेत. गेल्या महिन्यात दोघं आले होते. उजवीकडे गाठ नाही, ५ फॉलिकल दिसतात. डावीकडे २.४ सेंटिमीटरची गाठ आहे, वर्षभरात वाढलेली नाही, आणि ती न दुखवता तशीच ठेवायची असं ठरलं आहे. दिवाळीनंतर गोळी थांबवून सहा महिने नैसर्गिक प्रयत्न करायचे. त्याची वीर्यतपासणी आधीच करून घेतली आहे, ठीक आहे. सहा महिन्यांत काही झालं नाही तर टेस्ट ट्यूबचा विचार आणि लागली तर ती ११ बीजं. त्यांची मुदत तिच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत आहे. ती तारीख तिने मोबाईलमध्ये टाकून ठेवली आहे, आणि केंद्राचं वार्षिक शुल्क दर नोव्हेंबरला वडील अजून स्वतःच जाऊन भरतात.